नळाच्या पाण्याने कावीळ, पण अहवाल ‘पिण्यास योग्य’: आरोग्य केंद्राकडून नेमकं काय मागायचं?

माळवाट (प्रश्न)

गावाची लोकसंख्या २८०० च्या घरात. ओढ्याकाठी सार्वजनिक विहीर आहे, तिथून मोटारीने ५०,००० लिटरच्या उंच टाकीत पाणी चढतं आणि आळीनिहाय पाऊण-पाऊण तास सुटतं. टाकी दिवसातून तीनदा भरते. गेल्या तीन आठवड्यांत काविळीचे अकरा रुग्ण झाले, त्यातले नऊ एकट्या खालच्या आळीतले. जुलाबाचे रुग्णही आहेत, पण ते गावभर विखुरलेले.

ग्रामपंचायत म्हणते टीसीएल (पाणी निर्जंतुक करायची क्लोरिनची पावडर) रोज पडतं. आरोग्य केंद्राने गेल्या महिन्यात नेलेल्या पाण्याचा अहवाल ‘पिण्यास योग्य’ आला. दोन्ही खरं असेल तर कावीळ येते कुठून? आणि आरोग्य विभागाकडून हक्काने काय मागता येतं, कुणाकडे मागायचं? ग्रामपंचायतीत गेलं की आरोग्य केंद्राकडे बोट, आरोग्य केंद्रात गेलं की ग्रामपंचायतीकडे. खालच्या आळीत दोन गरोदर बायका आहेत, म्हणून घाई आहे.

उपकेंद्र_पाचहजारी

आधी हद्द समजून घ्या, म्हणजे टोलवाटोलवी थांबेल. पाणी शुद्ध करून नळाला सोडणं ग्रामपंचायतीचं काम. टीसीएल विकत घेणं, जलसुरक्षक (रोज टीसीएल टाकणारा माणूस) नेमणं, टाकी धुणं, गळती काढणं हे सगळं त्यातच आलं. तपासणं, लेखी बजावणं, रुग्ण शोधणं, उपचार करणं आणि साथ वर कळवणं आरोग्य विभागाचं काम. आरोग्य सेवक विहिरीत टीसीएल टाकायला येणार नाही, तशी अपेक्षाही ठेवू नका. पण ते पडतं की नाही हे ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरिन उरलाय का ते रंगावरून सांगणारी चाचणी) करून बघणं आणि पडत नसेल तर कागदावर आणणं त्याच्या कामात बसतं.

आता कुणाकडे जायचं ते. मैदानी भागात ५००० लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि ३०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे, डोंगरी-आदिवासी भागात ३००० आणि २०,०००. उपकेंद्रात आरोग्य सेविका, आरोग्य सेवक आणि बहुतेक ठिकाणी समुदाय आरोग्य अधिकारी. गावात आशा. वर प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, त्यांच्यावर तालुका आरोग्य अधिकारी, त्यांच्यावर जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी. सिव्हिल हॉस्पिटलचे जिल्हा शल्यचिकित्सक ही वेगळी शाखा आहे. पाण्याची तक्रार घेऊन तिकडे गेलात तर दिवस वाया जाईल.

एका गावात तीन आठवड्यांत काविळीचे अकरा रुग्ण म्हणजे साथ म्हणूनच बघायचं. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे आजच एक पानी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्यात आळीनिहाय रुग्णांची संख्या, प्रत्येकाला पहिलं लक्षण दिसल्याची तारीख आणि पाणी कोणत्या वेळी सुटतं एवढं लिहा. मागायचं ते असं: घरोघर सर्वेक्षण, साथ म्हणून नोंद होऊन तालुक्याच्या शीघ्र प्रतिसाद पथकाची भेट, काही रुग्णांच्या रक्ताचे नमुने, आणि पाण्याचे नव्याने नमुने. नमुने विहीर, टाकी आणि खालच्या आळीतलं शेवटचं घर अशा तिन्ही ठिकाणचे हवेत. ही तीन ठिकाणं अर्जात नाव घेऊन लिहा. नाहीतर बाटली टाकीखालच्या नळावर भरली जाते, कारण तो नळ गाडी लावतो तिथेच असतो.

तुमचा अहवाल ‘योग्य’ का आला याची कारणं बहुतेक वेळा फार साधी असतात. नमुना टीसीएल टाकल्यावर लगेच घेतलेला असतो. किंवा टाकीवरचा असतो आणि दूषण पुढे पाइपात होतं. तिसरं कारण बाटलीचं. क्लोरिन असलेल्या पाण्याच्या जंतू-तपासणीला निर्जंतुक बाटलीत सोडियम थायोसल्फेट लागतं. ते क्लोरिनला जागीच थांबवतं. ते नसेल तर क्लोरिन बाटलीतही काम करत राहतो आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत जंतू मरून अहवाल गोड येतो. म्हणून आरोग्य केंद्राने दिलेलीच बाटली वापरायची, आतून विसळायची नाही, काठोकाठ भरायची नाही. तोटी पुसून आचेवर तापवायची, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्यायचं, मग भरायची. बर्फात ठेवून २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत. शुक्रवारी दुपारी नमुने घेतात तेव्हा त्यांचं पुढे काय होतं ते विचारू नका.

अजून एक विचारा: गावाला शेवटचं कार्ड कोणतं मिळालं? पावसाळ्याआधी आणि नंतर स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड दिलं जातं. लाल किंवा पिवळं असेल तर कोणत्या त्रुटीमुळे, ते सर्वेक्षणाच्या कागदात लिहिलेलं असतं. अर्ध्या प्रश्नांची उत्तरं तिथेच सापडतात.

टाकीखालचा

‘टीसीएल रोज पडतं’ हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही, पाढे पुरतात.

२८०० लोक, माणशी ५५ लिटर धरले तर दिवसाला १,५४,००० लिटर. तुमची टाकी तीनदा भरते, म्हणजे आकडा जुळतो. महाराष्ट्रात सर्वसाधारण प्रमाण १००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल. म्हणजे दिवसाला ७७० ग्रॅम, महिन्याला २३ किलो. टीसीएलचं पोतं २५ किलोचं येतं. थोडक्यात, तुमच्या गावाला महिन्याला जवळपास एक पोतं लागतं. ग्रामपंचायतीचं साठा रजिस्टर आणि खरेदीची बिलं बघा. वर्षात तीन पोती आली असतील तर रोज काय पडतं ते तुम्हीच ठरवा.

मग पावडरीची ताकद. चांगल्या ताज्या टीसीएलमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरिन असतो. ऊन, दमट हवा आणि उघडं तोंड यांनी तो उडून जातो आणि मागे चुना उरतो. वीस टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर निर्जंतुकीकरणाला निकामी समजतात. टीसीएलचा नमुनाही प्रयोगशाळेत जातो, तो आरोग्य सेवकाकरवी पाठवायला सांगा. पोतं पंपघरात मोटारीशेजारी जमिनीवर ठेवलेलं असेल तर पावडर तर जातेच, वर स्टार्टर आणि केबलचे जोड गंजतात. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, खाली फळी, कोरडी अंधारी खोली. डिझेल किंवा ॲसिड जवळ नको.

टाकायची पद्धत. तुमच्या ५०,००० लिटरच्या टाकीला एका भरणीला २५० ग्रॅम. एका बादलीत १०० ग्रॅमहून जास्त घ्यायचं नाही, म्हणजे तीन बादल्या झाल्या. आधी थोड्या पाण्यात पेस्ट करायची, गुठळ्या मोडायच्या, मग बादली पाऊण भरून ढवळायचं आणि पाच-दहा मिनिटं निवळू द्यायचं. चुना तळाला बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत काढून ती टाकीत सोडायची. ती टाकी भरायला लागल्यावर सोडायची, म्हणजे येणारं पाणीच तिला ढवळतं. खालचा चुना बाहेर फेकायचा. कोरडी पावडर वरून भुरभुरवली की ती तळाशी जाऊन बसते, वरचं पाणी आहे तसंच राहतं आणि टाकीचा तळ पांढरा होतो. बऱ्याच गावांत होतं ते हेच. टीसीएल ‘पडतं’, पण पाण्यात उतरत नाही.

विहिरीत टाकायचं असेल तर पाणी मोजा: व्यास × व्यास × पाण्याची खोली × ७८५, मापं मीटरमध्ये, उत्तर लिटरमध्ये. व्यास ६ आणि पाणी ४ मीटर असेल तर १,१३,०४० लिटर, म्हणजे सुमारे ५६५ ग्रॅम. निवळीची बादली दोराने पाण्याखाली सोडून वरखाली हलवायची.

त्यानंतर निदान एक तास पाणी सोडायचं नाही. टाकी भरता भरताच व्हॉल्व्ह उघडत असतील, आणि दिवसातून तीनदा भरणाऱ्या टाकीला ते सहज होतं, तर क्लोरिनला जंतू मारायला वेळच मिळत नाही. वेळापत्रक बदलावंच लागेल, त्याला पर्याय नाही.

चुनखडी

एवढं करण्यापेक्षा चौकात आरओ प्लांट बसवा आणि मोकळे व्हा.

टाकीखालचा

@चुनखडी, प्यायचं पाणी त्यातून येईल. भांडी, चूळ, भाजी धुणं नळावरच राहणार आणि कावीळ त्याच वाटेने येते. शिवाय आरओचं पाणी भरायला येतो तो हंडा कसा आहे त्यावरही बरंच आहे. बसवायचा तर बसवा, पण क्लोरिनऐवजी नको.

दवाखिडकी

वैद्यकीय बाजू. पाण्यातून येणारी कावीळ म्हणजे हिपॅटायटिस ए किंवा ई. मोठ्या माणसांत जास्त रुग्ण असतील तर ई चा संशय आधी घ्यावा. विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसायला ए मध्ये १५ ते ५० दिवस लागतात आणि ई मध्ये दोन ते नऊ-दहा आठवडे. म्हणजे आज जे पिवळे दिसताहेत ते महिना-दीड महिन्यापूर्वीच्या पाण्याने. आजचा पाण्याचा अहवाल चांगला आला तरी तेव्हा काय झालं होतं ते त्यातून कळत नाही, आणि आज गळती काढली तरी पुढचे काही आठवडे नवे रुग्ण येत राहतील. हे ग्रामसभेत आधीच सांगून ठेवा, नाहीतर ‘दुरुस्ती करूनही कावीळ थांबली नाही’ म्हणून लोक टीसीएलच बंद करायला लावतात.

त्या मधल्या काळात काय काय घडलं ते आठवून काढा: पाइप फुटला होता का, गटार खोदलं का, मोठा पाऊस होऊन ओढ्याचं पाणी विहिरीत शिरलं का. रुग्णांच्या पहिल्या लक्षणाच्या तारखा कागदावर मांडा. बहुतेक जण एकाच आठ-दहा दिवसांत पडले असतील तर दूषण एकदाच झालं. रुग्ण थोडे थोडे सतत येत असतील तर दूषण अजून चालू आहे. पथक आलं की सर्वांत आधी हाच तक्ता मागतं.

गरोदर बायकांबद्दल. हिपॅटायटिस ई एरवी आपोआप बरा होतो, पण गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेततो. त्या दोघींची नावं आजच आरोग्य सेविकेला द्या. उकळलेलंच पाणी, खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, चूळ भरायलाही तेच. मळमळ, भूक मरणं, गडद लघवी यातलं काही दिसलं तर डोळे पिवळे व्हायची वाट न पाहता आरोग्य केंद्रात. गुंगी येणं, असंबद्ध बोलणं, सतत उलट्या, कुठूनही रक्त येणं ही लक्षणं कुणालाही दिसली तर थेट १०८, आणि मोठ्या रुग्णालयात. गरोदर मातेला नेण्या-आणण्यासाठी १०२ ची गाडी मोफत आहे.

काविळीच्या रुग्णाने पॅरासिटामॉल मनाने घेऊ नये, दारू पूर्ण बंद. झाडपाल्याच्या पुड्या आणि ‘कावीळ उतरवणं’ यावर वाद घालत बसायची ही जागा नाही, पण पुडीमुळे यकृतावर आणखी ताण येऊ शकतो एवढं घरच्यांना सांगा. तेलकट बंद करून नुसतं उसाच्या रसावर ठेवण्याची गरज नाही. पचेल ते नेहमीचं जेवण द्यावं. आणि तो रस गाड्यावरचा, त्याच पाण्यातल्या बर्फाचा असेल तर बोलायलाच नको.

जुलाबाच्या रुग्णांना ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण रिकामी करायची. अर्धी पुडी ग्लासभर पाण्यात करतात, ते घातक आहे. मुलांना सोबत झिंकच्या गोळ्या १४ दिवस: सहा महिन्यांच्या पुढे रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०. हे दोन्ही आशाकडे मोफत मिळायला हवं. तांदळाच्या पेजेसारखे पांढुरके जुलाब दिसले तर पहिली अँटिबायोटिक द्यायच्या आधी शौचाचा नमुना घ्यायला सांगा. औषध दिल्यावर पटकीचा (कॉलऱ्याचा) जंतू नमुन्यात सापडणं अवघड होतं, आणि पटकीचा एक जरी खात्रीचा रुग्ण सापडला तरी साथ धरली जाते.

क्लोरिन महत्त्वाचा, पण त्यावर आंधळा विश्वास नको. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत सांडपाणी यमुनेतून शहराच्या पाणीपुरवठ्यात शिरलं, शुद्धीकरण केंद्रावर क्लोरिन वाढवला होता. टायफॉइड-जुलाबाची साथ उसळली नाही, पण सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. गढूळ, मैलामिश्रित पाण्यात विषाणू क्लोरिनला पुरून उरतो. म्हणून आधी घाण आत शिरायची वाट बंद करायची, क्लोरिन त्यानंतर.

माळवाट

सगळ्यांचे आभार. आरोग्य सेवक आज येऊन गेले. ओटी टेस्ट अशी आली: टाकीखाली चांगला पिवळा रंग, वरच्या आळीत फिका पिवळा, खालच्या आळीत पहिल्या तीन घरांत फिका पिवळा आणि चौथ्या घरापासून पुढे काहीच रंग नाही. साठा रजिस्टरात या वर्षी चार पोती. तिसऱ्या आणि चौथ्या घराच्या मध्ये गटार ओलांडून पाइप जातो. आता?

टाकीखालचा

मग जागा सापडलीच म्हणा. क्लोरिन लांब जाता जाता हळूहळू कमी होतो. एका घरात आहे आणि पुढच्या घरात एकदम शून्य, म्हणजे मधे काहीतरी त्याला खाऊन टाकतंय, आणि गटाराचं पाणी ते काम फार झटपट करतं. पाणी सुटतं तेव्हा पाइपात दाब असतो, गळतीतून पाणी बाहेर जातं. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होताना आत ओढ तयार होते आणि त्याच भोकातून गटार आत येतं. घरोघरी थेट नळाला मोटारी लावल्या असतील तर पाणी चालू असतानाही ओढ बसते. म्हणून पहिल्या पाच-दहा मिनिटांचं पाणी वासाचं, गढूळ येतं का ते चौथ्या घरात विचारा.

तो तुकडा खणून बघायचा. पाइप गटाराच्या तळातून जात असेल तर नुसता जोड बदलून भागणार नाही. तो गटाराच्या वरून, बाहेरून संरक्षक पाइप घालून न्यायचा. व्हॉल्व्हच्या चेंबरमध्ये पाणी साचलंय का, आणि तोटी नसलेले नळ गटारात लोंबताहेत का तेही त्याच फेरीत बघा. दुरुस्ती होईपर्यंत त्या आळीचा व्हॉल्व्ह बंद ठेवून टँकर द्यावा, टँकरमध्येही टीसीएल टाकून. जोडल्यावर लाइन जादा क्लोरिनच्या पाण्याने भरून ठेवायची, नंतर शेवटच्या टोकाने सोडून द्यायची, आणि मगच प्यायला.

एरवी शेवटच्या नळाला ०.२ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) क्लोरिन राहिला पाहिजे, साथीत ०.५. ओटीचा रंग थेंब टाकल्यावर दहा सेकंदांच्या आत वाचायचा, उशिरा वाचला तर पाण्यातल्या इतर घटकांशी बांधलेला क्लोरिनही मोजला जातो आणि आकडा फुगतो. रंग नारिंगीकडे गेला तर डोस फार झाला. ओटीचं रसायन विषारी आहे, तपासलेलं पाणी परत हंड्यात ओतायचं नाही, हात धुवायचे.

उपकेंद्र_पाचहजारी

चार पोती आणि वरचं ओटीचं वाचन, ही जोडी लेखी घ्या. आरोग्य सेवकाने ओटी रजिस्टरात घरनिहाय नोंद केली का ते बघा, त्यावर जलसुरक्षकाची सही हवी. त्या नोंदीवरून वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) पत्र द्यायचं, प्रत गटविकास अधिकाऱ्यांना. ही प्रत महत्त्वाची, ग्रामपंचायत त्यांचं ऐकते. आठवड्यात हालचाल दिसली नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांच्या शुल्कासह अर्ज करा आणि टीसीएल खरेदीची बिलं, साठा रजिस्टर, गेल्या बारा महिन्यांचे पाणी-नमुना अहवाल मागा. उत्तराची मुदत ३० दिवस आहे, म्हणून साथीत त्यावर विसंबू नका, तो पुढच्या पावसाळ्यासाठी.

तोपर्यंत खालच्या आळीत घरोघर क्लोरिनच्या गोळ्या किंवा द्रव मागून घ्या. अर्ध्या ग्रॅमची गोळी २० लिटरला पुरते, टाकून अर्धा तास झाकून ठेवायचं. द्रवाच्या बाटलीवर थेंब लिहिलेले असतात, आशाने प्रत्येक घरात एकदा स्वतः करून दाखवावं. नुसती बाटली वाटली की ती देव्हाऱ्यामागे जाते.

वेळूबन

आमच्याकडे बरेच जण घरच्या बोअरचं पितात, त्यात टीसीएल टाकायचं का?

उपकेंद्र_पाचहजारी

@वेळूबन, आधी तपासा. बोअरला जंतूंबरोबर नायट्रेट आणि फ्लोराइड बघावं लागतं आणि त्यावर क्लोरिनचा काही उपयोग नाही. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, ती ओलांडलेली असेल तर लहान बाळाला ते पाणी वरच्या दुधात देऊ नका, उकळल्याने नायट्रेट उलट वाढतं. गावात जल जीवन मिशनखाली पाच महिलांना एफटीके किटचं (गावातच पाणी तपासायच्या संचाचं) प्रशिक्षण दिलेलं असतं, किट बहुधा ग्रामपंचायतीच्या कपाटात असतं. ते काढून रसायनांची मुदत बघा आणि प्राथमिक चाचणी करा. शंका आली तर भूजल सर्वेक्षण विभागाच्या प्रयोगशाळेत नमुना. रासायनिक तपासणीला थायोसल्फेटची बाटली चालत नाही, एक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून भरायची.